कंपोनंट म्हणजे नक्की काय? पहिल्यांदा कंपनीत लागणाऱ्या पोरापोरींसाठी

आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की आपल्याकडची पोरं चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली अशा कुठल्यातरी एमआयडीसीत येतात, चौघंपाच जण मिळून रूम घेतात आणि पहिल्या दिवसापासून कानावर एक शब्द आदळायला लागतो, कंपोनंट. कंपोनंट आला का, कंपोनंट होल्डवर टाक, कुठल्या कंपोनंटचं रिजेक्शन वाढलंय. आणि त्याच तोंडाने तोच माणूस पार्ट पण म्हणतो, पीस पण म्हणतो, जॉब पण म्हणतो, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं सगळं एकच आहे, काहीही म्हटलं तरी चालतं. बोलताना चालतं सुद्धा. पण रिपोर्टमध्ये, मेलमध्ये, गिऱ्हाईकाच्या ऑडिटमध्ये चालत नाही, आणि हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय.

मी क्वालिटीत, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात, लागलो तेव्हाचा दुसरा तिसरा आठवडा असेल. आमच्याकडे एक ब्रॅकेट असेंब्ली, म्हणजे जोडून तयार केलेली वस्तू, बनायची, ब्रॅकेट म्हणजे आधार देणारी पट्टी, त्यात पिन आणि एक बुश, म्हणजे नळीसारखी छोटी कडी. बुशला तडे दिसत होते. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, कंपोनंटला क्रॅक, बारा नग. बस्स एवढंच. वरच्यांनी ते वाचून सगळाच्या सगळा लॉट, म्हणजे एकत्र बनलेला माल, होल्ड केला म्हणजे अडवून ठेवला, ब्रॅकेट बनवणारी प्रेस मशीन थांबवली, कारण त्यांना वाटलं ब्रॅकेटच फुटतोय. बुश तर बाहेरून यायचा, आमचा नव्हताच. अर्धी शिफ्ट गेली. ओरडा बसेल म्हणून मी घाबरून उभा होतो, तेव्हा आमच्या लाइनवरचे एक काका, ज्यांची रिटायरमेंट जवळ आली होती, त्यांनी शांतपणे कागद हातात घेऊन विचारलं, "बाळा, कशाचा कंपोनंट? आणि कुठला?" त्या दोन प्रश्नांवर माझी पुढची सगळी नोकरी झाली म्हटलं तरी चालेल, आणि खाली जे काही सांगणार आहे ते त्याच दोन प्रश्नांचं आहे.

पायरी १: आधी शब्द नीट तोंडात बसवा

उच्चार कंपोनंट, आणि जोर मधल्या "पो" वर. पुष्कळ जण "कॉम्पोनेंट" असं पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात, कळतं लोकांना, पण इंटरव्ह्यूला परदेशी किंवा दुसऱ्या राज्यातला माणूस समोर असला की "पो" वर जोर दिलेला बरा. स्पेलिंग सी ओ एम पी ओ एन ई एन टी. शेवट ई एन टी आहे, ए एन टी नाही, ही चूक मी बोर्डावर छापलेली सुद्धा बघितलीय. एक असेल तर कंपोनंट, अनेक असतील तर शेवटी एस लावून कंपोनंट्स, मोजता येणारा शब्द आहे, त्यामुळे "मेनी कंपोनंट" असं एस न लावता लिहू नका.

पायरी २: भाग आणि घटक हा फरक आपल्याला मराठीत आधीच येतो

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, हिच्यावर जरा वेळ घालवा.

पार्ट हा शब्द लॅटिनमधल्या "पार्स" वरून आलाय, म्हणजे हिस्सा, वाटा. त्याच घरातले शब्द बघा, पार्टनर म्हणजे ज्याचा वाटा आहे तो, पार्टिशन म्हणजे वेगळं करणारी भिंत. आणि लेथवर काम केलेल्यांना तर सांगायलाच नको, पार्टिंग टूल कशासाठी असतं? बारमधून जॉब कापून वेगळा करायला. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पार्टिंग लाइन कुठली? जिथे साचा उघडून वेगळा होतो ती. म्हणजे पार्टच्या पोटात वेगळं करणं आहे. अख्खी वस्तू समोर आहे, तिचे तुम्ही मनातल्या मनात किंवा खरोखर तुकडे पाडलेत, त्यातला एक म्हणजे पार्ट.

कंपोनंट उलट्या बाजूने आलाय. लॅटिनमध्ये "कॉम" म्हणजे एकत्र आणि "पोनेरे" म्हणजे ठेवणे. एकत्र ठेवायचं ते. कंपोझिट, कंपोझिशन, केमिस्ट्रीतलं कंपाउंड हे सगळे त्याच्याच नात्यातले. (सोसायटीच्या कंपाउंडची भिंत मात्र ह्यातली नाही बरं का, तो शब्द बहुधा मलाय भाषेतल्या "कांपुंग" म्हणजे वाडीवस्ती ह्या शब्दावरून फिरत फिरत आलाय, दिसायला सारखा म्हणून गंडायला होतं.) तर कंपोनंट म्हणताना डोळ्यासमोर अजून अख्खी वस्तू नाहीये, सुटे नग टेबलावर पडलेत आणि त्यातून काहीतरी बनणार आहे.

आता आपली मराठी बघा. भाग हा शब्द घ्या, भागाकार, भागणे, भागीदार. पार्टला पार्टनर तसा भागाला भागीदार, अगदी जोडीला जोड. आणि घटक घ्या, संस्कृतातला घट् धातू, जुळणे, जोडणे, ज्याच्यावरून आपलं घडणे, घडवणे आलंय. घटक म्हणजे ज्याच्यामुळे वस्तू घडते तो. म्हणजे पार्ट आणि कंपोनंट ह्यात जो फरक इंग्रजीत आहे तोच फरक भाग आणि घटक ह्यात आपल्या आजीला पण येत होता, फक्त आपल्याला शाळेत कुणी असा जोडून दाखवला नाही. मला हे कळलं त्या दिवशी खरंच खूप बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत इंग्रजी म्हणजे परक्याच्या घरात चप्पल काढून उभं राहिल्यासारखं वाटायचं.

उदाहरण घ्या. भाकरी मोडून चतकोर ताटात घेतली, ती चतकोर भाकरीचा भाग आहे, घटक नाही. पीठ, पाणी, मीठ हे घटक, पण तिथे इंग्रजीत कंपोनंट कुणी म्हणत नाही, खाण्याच्या वस्तूला आणि औषधाला इनग्रेडियंट म्हणतात. सायकलचं चाक सायकलचा पार्ट पण आहे आणि कंपोनंट पण. पण टायर करवतीने अर्धा कापला तर तो अर्धा तुकडा म्हणजे पीस, त्याला कंपोनंट कुणी म्हणणार नाही, कारण त्याचं स्वतःचं काम काही उरलं नाही. म्हणून कंपोनंट ओळखायची माझी साधी कसोटी अशी आहे की त्या नगाला स्वतःचं एक ठरलेलं काम पाहिजे, स्वतःचा आकार पाहिजे, आणि तो कशाततरी बसला पाहिजे. ह्यातलं "कशाततरी" म्हणजेच काकांचं कशाचा.

पायरी ३: जिना पाठ करा

कुठलीही वस्तू हातात आली की ती जिन्याच्या कुठल्या पायरीवर आहे ते बघायची सवय लावा. खाली कच्चा माल, म्हणजे बार, शीट, पावडर, दाणा. त्याच्यावर एकेकटा नग, ज्याला कंपनीत चाइल्ड पार्ट किंवा कंपोनंट म्हणतात. त्याच्यावर दोनचार नग जोडून सबअसेंब्ली. त्याच्यावर असेंब्ली. आणि सगळ्यात वर गाडी, मशीन, पंखा, जे काय विकतात ते.

बेअरिंग घेऊन बघा, ६२०३ नंबरचं, पंख्यात मोटरमध्ये सर्रास असतं. आतली रिंग, बाहेरची रिंग, गोळ्या, आणि गोळ्या अंतरावर धरून ठेवणारा केज. हे झाले बेअरिंगचे कंपोनंट. आता बेअरिंग स्वतः मोटरचा कंपोनंट. मोटर पंपाचा कंपोनंट. म्हणजे एकच वस्तू खालून बघितली तर असेंब्ली आणि वरून बघितली तर कंपोनंट. ह्यात चूक कुणाचीच नाही, तुम्ही कुठे उभे आहात त्याच्यावर आहे.

नंबर निघालाच आहे तर हे पण लक्षात ठेवा, बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. ०० असेल तर १० मिमी, ०१ ला १२, ०२ ला १५, ०३ ला १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याला ५ ने गुणायचं, म्हणजे ०४ ला २०, ०५ ला २५. ६२०३ म्हणजे भोक १७, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. पुढे झेडझेड लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड, २आरएस असेल तर रबरी सील. स्टोअरमधून मागवताना हे पूर्ण सांगितलं की स्टोअरवाले दादा पण तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आणि ह्या जिन्याचीच कागदावरची आवृत्ती म्हणजे बीओएम, बिल ऑफ मटेरियल. कुठल्या असेंब्लीत कुठला कंपोनंट किती नग लागतो त्याची यादी. नवीन लाइनवर टाकलं की पहिल्या दिवशी सुपरवायझरकडे बीओएम आणि ड्रॉइंग मागा, लाजू नका. बीओएममध्ये लेव्हल लिहिलेली असते, शून्य म्हणजे पूर्ण असेंब्ली, एक म्हणजे तिच्यात थेट बसणारे नग, दोन म्हणजे त्या नगांचे नग. हे वाचता आलं की "कशाचा" ह्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं, डोकं खाजवावं लागत नाही.

ह्याच्यातूनच एक मोठी गोष्ट कळते जी मला बऱ्याच उशिरा कळली. पिंपरीत टाटा मोटर्स आहे, चाकणला महिंद्रा आहे, फोक्सवॅगन आहे, ह्यांना गाडीसाठी लागणारे बरेचसे नग आजूबाजूच्या कंपन्या पुरवतात. गाडी बनवणारी ती ओईएम, तिला थेट माल देणारी टियर वन, टियर वनला देणारी टियर टू. आपली छोटी कंपनी जी वस्तू दिवसरात्र बनवते, जिला आपण अभिमानाने आपलं प्रॉडक्ट म्हणतो, ती पुढच्या कंपनीसाठी कंपोनंट असते. म्हणून तर ह्या सगळ्या धंद्याचं नावच ऑटो कंपोनंट इंडस्ट्री आहे, देशभरातल्या ह्या कारखानदारांची जी संघटना आहे ॲक्मा, तिच्या नावात पण कंपोनंट हाच शब्द आहे, पार्ट नाही. तेव्हा गिऱ्हाईकाच्या माणसाशी बोलताना तो "युअर कंपोनंट" म्हणाला तर तो तुमच्या पूर्ण असेंब्लीबद्दल बोलतोय की आतल्या बुशबद्दल, हे विचारून घ्या. त्याच्या पायरीवरून ते वेगळं दिसतं.

पायरी ४: शॉपफ्लोअरवरचे भाऊबंद ओळखा

जॉब म्हणजे ज्याच्यावर आत्ता काम चालू आहे तो नग, मशीनला लावलेला. मशीनवरून उतरला, तपासला, ट्रेमध्ये गेला की तो पार्ट झाला. पीस हे मोजण्यासाठी, पन्नास पीस झाले. माल म्हणजे सगळंच, त्याला अर्थ तसा नाही, रिपोर्टमध्ये लिहू नका.

पार्ट नंबर हा शब्द मात्र पक्का आहे, तिथे कुणी कंपोनंट नंबर सहसा म्हणत नाही. ज्याला ड्रॉइंग आहे आणि नंबर आहे तो कागदोपत्री पार्ट, मग तो एकटा नग असो नाहीतर चार नग वेल्ड करून झालेला असो. म्हणूनच नवीन नग गिऱ्हाईकाकडून पास करून घ्यायच्या पद्धतीला पीपीएपी म्हणतात, प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस, ह्यात १८ प्रकारची कागदपत्रं आणि पुरावे येतात, ड्रॉइंगपासून मापांच्या रिझल्टपर्यंत, आणि द्यायच्या पाच लेव्हल असतात. वेगळी काही लेव्हल सांगितली नाही तर तिसरी धरतात. नवीन माणसाने सगळं पाठ करायची गरज नाही, पण पीपीएपीतला दुसरा पी म्हणजे पार्ट आणि तो कुठला पार्ट हे नंबरासकट माहिती पाहिजे.

बॉट आउट पार्ट, ज्याला बीओपी म्हणतात, तो बाहेरून विकत आणून जसाच्या तसा बसवायचा कंपोनंट. माझ्या गोष्टीतला बुश हा बीओपी होता, आणि मी तेवढं एक अक्षर लिहिलं असतं तर प्रेस थांबली नसती.

स्पेअर हा वस्तूचा प्रकार नाही, ती वस्तू कशासाठी ठेवलीय त्याच्यावर आहे. तोच क्लच प्लेटचा सेट नवीन गाडीत बसला तर कंपोनंट, आणि पुण्यात नाना पेठेतल्या दुकानाच्या फळीवर दुरुस्तीसाठी पडून असला तर स्पेअर. मराठीत सुटे भाग म्हणतो ते हेच.

कन्झ्युमेबल हा कंपोनंट नाही, हे नीट ऐका कारण इथे नवीन लोक फार चुकतात. कूलंट, हातमोजे, एमरी पेपर, सीएनसी मशीनच्या टूलचे इन्सर्ट म्हणजे बदलायची कापणारी टोकं, हे वापरून संपतात, वस्तूत बसून गिऱ्हाईकाकडे जात नाहीत. पण असेंब्लीत भरलेलं ग्रीस? ते वस्तूबरोबर जातं, आणि आम्ही तरी ते बीओएममध्ये ग्रॅममध्ये लिहितो. म्हणजे कसोटी परत तीच, ते वस्तूत राहतं का.

ॲक्सेसरी म्हणजे नसली तरी वस्तू चालते ती, बाइकवरचा मोबाइल होल्डर घ्या. मॉड्यूल म्हणजे एक पूर्ण काम करणारा जोडलेला गठ्ठा जो एकदम काढता घालता येतो. एलिमेंट हा शब्द फिल्टर एलिमेंट, हीटरचा एलिमेंट एवढ्यापुरता कंपनीत येतो. कॉन्स्टिट्युएंट मिश्रणासाठी, पितळेत तांबं आणि जस्त हे त्याचे कॉन्स्टिट्युएंट, त्यांना कंपोनंट म्हटलं तरी चूक नाही पण ड्रॉइंगवाला माणूस गोंधळतो.

मजा अशी आहे की मराठीत ह्यातल्या कितीतरी शब्दांना आपण एकटा घटकच वापरतो. शाळेत घटक चाचणी म्हणजे युनिट टेस्ट, बातम्यांत आघाडीचे घटक पक्ष म्हणजे कॉन्स्टिट्युएंट, बिस्किटाच्या पुड्यावर घटक म्हणजे इनग्रेडियंट. त्यामुळे मराठीतून इंग्रजीत जाताना डोक्यात घटक आला की लगेच कंपोनंट लिहू नका, क्षणभर थांबून बघा की हा कुठल्या जातीचा घटक आहे.

पायरी ५: मेलमध्ये लिहायचं कसं

कंपोनंट ऑफ लिहायचं जेव्हा तो त्या वस्तूचा आहे, "बुश इज अ कंपोनंट ऑफ द ब्रॅकेट असेंब्ली". कंपोनंट फॉर लिहायचं जेव्हा तो कुणासाठी बनतोय, "वुई मेक कंपोनंट्स फॉर ट्रॅक्टर्स". एवढे दोन नीट आले तरी नव्वद टक्के काम झालं.

असेंब्लीत काय काय आहे ते सांगताना "द असेंब्ली कन्सिस्ट्स ऑफ थ्री कंपोनंट्स". "इज कन्सिस्ट ऑफ" असं आपल्याकडे खूप लिहितात, ते चूक, तिथे इज नको. कम्प्रायझेस वापरलं तर त्याच्यापुढे ऑफ नको, "द असेंब्ली कम्प्रायझेस थ्री कंपोनंट्स". सोपं पाहिजे असेल तर "हॅज थ्री कंपोनंट्स" लिहा, साहेब काही म्हणत नाहीत.

आता पार्टमधला खड्डा. "अ पार्ट ऑफ" हे दोन वेगळे शब्द, मध्ये जागा. ती जागा विसरून एकत्र लिहिलं की "अपार्ट" होतं, आणि अपार्ट म्हणजे वेगळा, लांब. "आय एम अ पार्ट ऑफ द टीम" म्हणजे मी टीममध्ये आहे, आणि जागा खाल्ली तर बरोबर उलटा अर्थ निघतो. स्पेलचेक हे पकडत नाही कारण दोन्ही शब्द खरे आहेत. अर्ज लिहिताना, लिंक्डइनवर लिहिताना ही एक जागा डोळ्यात तेल घालून बघा.

अ न लावता नुसतं "पार्ट ऑफ" पण चालतं, थोडंसं किंवा काही अंशी असं म्हणायचं असेल तेव्हा, "पार्ट ऑफ द प्रॉब्लेम इज टूल वेअर", म्हणजे अडचणीचं एक कारण टूल झिजणं हे आहे. कारणं सांगताना हे वाक्य फार उपयोगी पडतं कारण ह्यात सगळा दोष एका गोष्टीवर ढकलला जात नाही.

"कंपोनंट पार्ट्स" असं दोन्ही एकत्र लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, तिथे कंपोनंट हे विशेषण आहे, ज्यांनी वस्तू बनते ते पार्ट. आणि "की कंपोनंट" म्हणजे चावीचा कंपोनंट नाही, महत्त्वाचा कंपोनंट.

रिपोर्ट लिहायचा माझा साचा आता असा आहे आणि मी नवीन पोरांना हाच देतो: कुठली असेंब्ली आणि तिचा पार्ट नंबर, त्यातला कुठला कंपोनंट आणि त्याचा पार्ट नंबर, आपला की बीओपी, दोष काय आणि नगाच्या कुठल्या जागी, किती तपासले त्यातले किती, कुठल्या लॉटचे. समजा बुशचंच लिहायचं असेल तर, ब्रॅकेट असेंब्ली अमुक नंबर, त्यातला बुश, बीओपी, कॉलरला तडा, २०० तपासले १२ सापडले, लॉट अमुक. हे वाचून जगातला कुठलाही माणूस प्रेस बंद करणार नाही.

पायरी ६: ऑफर लेटरमधला कंपोनंट, हा तर नक्की वाचा

हा शब्द लोखंडाबाहेर पण फिरतो आणि आपल्या खिशाशी त्याचा संबंध सगळ्यात जास्त इथे येतो. ऑफर लेटरमध्ये सॅलरी कंपोनंट्स असा तक्ता असतो. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा वर्षाचा एकूण खर्च, आणि बेसिक म्हणजे मूळ पगार, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता, कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, व्हेरिएबल हे त्याचे कंपोनंट. इथेही प्रश्न तोच, कशाचा कंपोनंट? सीटीसीचा आहे, हातात येणाऱ्या पगाराचा नाही.

हिशोब करून दाखवतो. समजा सीटीसी ३,६०,००० लिहिलीय. घरी आईला सांगताना आपण बाराने भागून महिना ३०,००० सांगतो. आता त्यात ३६,००० व्हेरिएबल कंपोनंट आहे, म्हणजे कामगिरीवर, कंपनीच्या नफ्यावर मिळेल न मिळेल, दरमहा येणार नाही. उरले ३,२४,०००. बेसिक महिना १५,००० धरा, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० महिना, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के धरतात, वर्षाचे साधारण ८,६५८. हे वजा करून बाराने भागलं की महिना सुमारे २४,४७८. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ परत १,८०० आणि महाराष्ट्रात पुरुषांना व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००). हातात साधारण साडेबावीस हजार. पीएफ तुमचाच आहे, बुडत नाही, पण रूमभाडं त्याच्यातून भरता येत नाही. घरून कर्ज काढून आलेली पोरं ह्या तीस आणि साडेबावीसच्या मधल्या फरकात पहिल्या महिन्यातच अडकलेली मी बघितलीत आणि फार वाईट वाटतं. सही करायच्या आधी एचआरला सरळ विचारा, व्हेरिएबल कंपोनंट किती, कधी आणि कशावर मिळतो, फिक्स्ड कंपोनंट किती. विचारलं म्हणून कुणी नोकरी काढून घेत नाही.

पायरी ७: बाकी ठिकाणी भेटला तर

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना कंपोनंट म्हणजे रेझिस्टर, कॅपॅसिटर, डायोड, आयसी, आणि पुण्यात ते घ्यायला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला जायचं. तिथे नुसतं कंपोनंट द्या म्हणून चालत नाही, व्हॅल्यू, वॅट, पॅकेज सगळं सांगावं लागतं.

हिंजवडीतल्या आयटीवाल्या मित्राने कंपोनंट म्हटलं तर तो स्क्रीनवरच्या बटणाबद्दल, फॉर्मबद्दल बोलतोय. २०१३ मध्ये फेसबुकने सगळ्यांसाठी खुलं केलेलं रिॲक्ट, म्हणजे वेबसाइटची पानं बनवायचं सॉफ्टवेअर, त्यात अख्खं पान असे छोटे छोटे कंपोनंट एकात एक बसवून बनवतात, आपल्या बीओएमसारखंच, लेव्हल शून्य, एक, दोन.

अकरावीच्या फिजिक्समध्ये व्हेक्टरचे कंपोनंट आठवा, १०० न्यूटनचा जोर आडव्या रेषेशी ३० अंशात लावला तर आडवा कंपोनंट ८६.६ आणि उभा ५०. इथे कुणी काही कापलं नाही, दोन्ही एकत्र ठेवले की परत तेच १०० न्यूटन घडतं, म्हणून त्याला पार्ट म्हणत नाहीत. बेरीज १३६.६ येते मग चुकलं का असं पोरं विचारतात, नाही चुकलं, ते काटकोनात जुळतात, सरळ बेरजेने नाही.

आणि हॉस्पिटलमध्ये. डेंग्यूच्या दिवसांत घरातल्या कुणाला प्लेटलेट लागल्या की ब्लड बँकेत "कंपोनंट पाहिजे की होल ब्लड" असं विचारतात आणि घाबरलेल्या माणसाला तिथे हा शब्द कळत नाही. होल ब्लड म्हणजे पूर्ण रक्त, कंपोनंट म्हणजे त्यातून वेगळे केलेले लाल पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा. प्लेटलेट २० ते २४ अंशात सतत हलत ठेवाव्या लागतात आणि ५ दिवसच टिकतात, लाल पेशी २ ते ६ अंशात महिनाभराहून जास्त राहतात, गोठवलेला प्लाझ्मा उणे ३० अंशात वर्षभर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कुठला कंपोनंट आणि किती युनिट लिहिलंय ते वाचून मगच ब्लड बँकेत जा, म्हणजे दोन हेलपाटे वाचतात. एकाने दिलेलं रक्त असं वेगळं केल्यावर तिघांपर्यंत उपयोगी पडू शकतं, वर्षातून एकदा तरी कंपनीच्या कॅम्पमध्ये द्या.

पायरी ८: रविवारी करून बघा

वाचून हे डोक्यात राहत नाही, हात लावावा लागतो. जुनी सायकल मिळवा, गावाकडे प्रत्येकाच्या घरात एक पडलेली असतेच. मागचं चाक सोडवा आणि एका वहीत बीओएम बनवा. लेव्हल शून्य मागचं चाक. लेव्हल एकमध्ये टायर, ट्यूब, रिम, स्पोक, निपल, हब, फ्रीव्हील. मग हब उघडा, त्याची लेव्हल दोन, ॲक्सल, दोन कोन (शंकूसारखे नट), छर्रे, नट, वॉशर. प्रत्येकापुढे संख्या लिहा, आणि प्रत्येकापुढे एक खाना ठेवा, कशाचा. व्हॉल्व्ह कशाचा, ट्यूबचा की चाकाचा? निपल कशाचं, स्पोकचं की रिमचं? ह्यावर रूममध्ये भांडण झालं तर फार चांगलं, माझ्या पोरांत दर वेळी होतं आणि त्यातूनच ते शिकतात. मग त्यातली पाच वाक्यं इंग्रजीत लिहा, ऑफ वापरून, एकदा तरी कन्सिस्ट्स ऑफ वापरून. छर्रे मात्र काढताना खाली फडकं अंथरा आणि दोन्ही बाजूंचे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, आणि डब्यावर चिठ्ठी लावा, मागचं चाक, हब, डावी बाजू, इतके नग.